निजेला धोंडा

आमच्या घरात घोरणं हा विनोदाचा विषय होता. अण्णांच्या (माझे वडील) घोरण्यावर तलवाड्याच्या घरात जेवढे विनोद झाले असतील तेवढे दुसऱ्या कशावरच झाले नसतील. "अण्णा झोपले की चोर येत नाहीत, त्यांना वाटतं आत ट्रॅक्टर चालू आहे" हा काकांचा ठरलेला विनोद. ताईच्या लग्नात कार्यालयातल्या ज्या खोलीत अण्णा झोपले होते, तिथली सगळी पाहुणेमंडळी रात्री दोनच्या सुमारास गाद्या उचलून गच्चीवर गेली. सकाळी व्याही चहा पिताना म्हणाले, "तुमचे वडील झोपतात मात्र भारी हो!" आम्ही पोट धरधरून हसलो. अण्णाही हसले.

आणि मधेच तो आवाज बंद पडायचा. एकदम चिडीचूप. आम्ही पोरं अंगणात बाजेवर पडल्या पडल्या कान देऊन ऐकायचो. "बंद पडलं इंजिन!" कोणीतरी म्हणायचं. मग बऱ्याच वेळानं एक मोठा हिसका, गुदमरल्यासारखा आवाज आणि इंजिन पुन्हा चालू. आम्ही पुन्हा खिदळायचो. ते इंजिन बंद पडणं हाच मुळात आजार आहे, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. घरातले बरेच जण हे वाचतात म्हणून मुद्दाम लिहितोय. (ताई, रागावू नकोस, लग्नाचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नव्हतं.)

अण्णांची आवडती म्हण म्हणजे "भुकेला कोंडा, निजेला धोंडा". आणि ती ते जगून दाखवायचे. एसटीत बसले की गेवराई यायच्या आत मान कलंडलेली. कीर्तनात बुवांनी अभंग लावला की यांची समाधी. ग्रामपंचायतीच्या बैठकीत, सलूनमधे दाढी करून घेताना, एकदा तर सोयरिकीच्या बोलणीत! लोक म्हणायचे, "नशीबवान माणूस. पडला की झोपला." आम्हालाही तसंच वाटायचं. झोपेची गोळी खाऊनही तळमळणारी माणसं एकीकडे आणि आमचे अण्णा एकीकडे.

आता कळतं की ते चुकीचं होतं. बसल्या जागी, बोलता बोलता, कुठेही डोळा लागणं हे चांगल्या झोपेचं लक्षण नाही. रात्रभर पोटभर जेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी दिसेल त्या ताटावर झडप घालत नाही. अण्णा धोंड्यावर झोपायचे, कारण गादीवर त्यांची झोप होतच नव्हती.

पण हे कोणाच्या डोक्यात येणार? आमच्याकडे डुलक्या घेणाऱ्या माणसाचं नवल नाही. दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातली किती घरं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, हे बीड जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. तिकडे पहाटे तीन-चारला उठायचं, थंडीत फडात उतरायचं आणि गाडी रात्री बाराला आली तर बाराला मोळ्या भरायच्या. तिथली झोप आजारानं जात नाही, कामानं जाते. त्यावर औषध डॉक्टरकडे नाही, मुकादमाकडे आणि कारखान्याकडे आहे. तर अशा मुलखात एखादा माणूस पारावर बसल्या बसल्या पेंगत असेल, तर लोक म्हणतात दमला असेल. नाहीतर म्हणतात आळशी आहे. तिसरं काही कोणाच्या मनात येत नाही.

२०२१ च्या दिवाळीनंतर अण्णा शेतातून मोटरसायकलवर येत होते. दुपारची वेळ, सरळ रस्ता, समोर कोणी नाही. गाडी रस्ता सोडून सरळ चारीत गेली. खांद्याचं हाड मोडलं, कपाळाला सात टाके पडले. "बैल आडवा आला," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. बैल कोणाचा, कुठं गेला, हे कोणी विचारलं नाही. आईनं मात्र मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "बैल नव्हता रे. झोप लागली त्यांना."

मी ऐकलं आणि "त्यांना गाडी चालवू देऊ नका" असं सांगून पुण्याला निघून आलो. आपण शहाणी मुलं असं करतो. सूचना देतो आणि निघतो.

मग १६ फेब्रुवारी २०२२. आदल्या रात्री मुंबईत बप्पी लाहिरी गेले होते. दिवसभर टीव्हीवर त्यांची गाणी, गळ्यातलं सोनं आणि मधेमधे डॉक्टरांनी सांगितलेलं कारण: स्लीप अ‍ॅप्निया, झोपेत श्वास अडण्याचा आजार. संध्याकाळी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "काय रे, घोरण्यानं माणूस जातं का?"

मी म्हणालो, "नुसत्या घोरण्यानं नाही गं, त्यांना आणखी बरंच काही होतं."

थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "ह्यांचा श्वास बंद पडायलाय बघ रात्री. मी हात लावून उठवते. एखाद्या दिवशी माझाच डोळा लागला तर?"

मी विचारलं, "कधीपासून?"

"तू बारावीला होतास तेव्हापासून."

हिशेब करा. वीस वर्षांच्या वर! आम्ही ज्याला इंजिन म्हणून हसत होतो, ते इंजिन रोज रात्री पुन्हा चालू होईपर्यंत आई अंधारात डोळे उघडे ठेवून वाट बघत होती. आणि पहाटे पाचला उठून सडासारवण, चहा, डबे. तिला दुपारी कधी डुलकी लागली तर आम्हीच म्हणायचो, "आई, तुला बी.पी.ची गोळी चढली वाटतं!"

त्या रात्री मी तिला मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायला सांगितलं. तिनं दहा मिनिटांची फाईल पाठवली. मी इकडे घड्याळ घेऊन बसलो. घोरणं, घोरणं, मग शांतता. चौतीस सेकंद. तुम्ही आत्ता वाचता वाचता चौतीस सेकंद श्वास धरून बघा. दहा मिनिटांत असं सहा वेळा. एका शांततेत मागून आईच्या बांगड्यांचा आवाज येतो आणि ती दबक्या आवाजात म्हणते, "अहो... अहो, कुशीवर व्हा." ती फाईल मी अजून पुसलेली नाही.

त्याआधी अण्णांना डॉक्टरांनी बघितलं नव्हतं असं नाही. बी.पी. तीन गोळ्यांनीही आटोक्यात येत नव्हतं. सकाळी डोकं जड, तोंडाला कोरड. रात्री तीन-चारदा लघवीला उठायचे, म्हणून साखर तपासली, प्रोस्टेट तपासलं, दोन्ही ठीक. "रात्री सारखी जाग येते" म्हणाले म्हणून एका ठिकाणी झोपेची गोळी लिहून दिली. गोळीनं झोप लागली, पण आई सांगते की त्या दिवसांत श्वास जास्तच वेळ अडायचा. तिनं आपल्या मनानंच चार दिवसांनी गोळी बंद केली आणि कोणाला सांगितलं नाही. तेव्हा तिला कोणी विचारलंही नव्हतं.

अखेर औरंगाबादला (छत्रपती संभाजीनगर हे नाव व्हायचं होतं तेव्हा) एका छातीरोगतज्ज्ञांकडे गेलो. मी रिपोर्टांची जाड फाईल पुढे केली. त्यांनी ती उघडलीच नाही. म्हणाले, "यांच्या शेजारी कोण झोपतं?"

आई बाहेर बाकावर पिशवी सांभाळत बसली होती. तिला आत बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "काकू, सांगा." आणि आई बोलायला लागली. श्वास कसा अडतो, पोट-छाती तर हलत राहते पण नाकाशी हवा लागत नाही, उताणं झोपल्यावर जास्त, कुशीवर कमी, लग्नकार्यात थोडी घेतली की फारच वाईट. बोट नाकाखाली धरून कसं बघते तेही तिनं करून दाखवलं. डॉक्टर लिहून घेत होते. एवढं तपशीलवार निरीक्षण वीस वर्षं आमच्या घरात पडून होतं आणि आम्ही हजारो रुपये घालून लघवी तपासत होतो!

मग एक प्रश्नावली भरायला दिली. मेलबर्नच्या मरे जॉन्स या डॉक्टरांनी १९९१ साली तयार केलेली, एपवर्थ स्केल नावाची. साधे आठ प्रसंग असतात: वाचत बसला असता, टीव्ही बघताना, सभेत, गाडीत तासभर बसल्यावर, कोणाशी बोलताना वगैरे. त्यात पेंग येण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण. एकूण चोवीसपैकी दहाच्या वर गेले तर दिवसाची झोप जास्त आहे असं समजायचं. अण्णांनी स्वतःला सहा दिले. आईनं त्यांना एकोणीस दिले. दोघांचं तिथंच भांडण :)

पण या गमतीतच सगळं आलं. झोपलेल्या माणसाला स्वतःची झोप दिसत नाही. पोट दुखलं तर दुखणाऱ्याला कळतं, इथं मात्र दुखणं एकाचं आणि कळतं दुसऱ्याला. "मला काही झालं नाही" असं अण्णा म्हणत होते ते खोटं नव्हतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

आजार काय आहे ते थोडक्यात सांगतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाटच मिटते. वाट अरुंद असते तोवर घोरणं, पूर्ण मिटली की शांतता. छाती ओढ घेत राहते, हवा जात नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो. मग मेंदू घाबरून झोप मोडतो, हिसका बसतो, वाट उघडते. माणसाला या जागा झाल्याची आठवणही राहत नाही. दर वेळी शरीर संकट आल्यासारखं बी.पी. वाढवतं, म्हणून अण्णांच्या गोळ्या पुरत नव्हत्या. बंद वाटेविरुद्ध ओढ घेताना हृदयावर ताण येतो आणि शरीराला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय, म्हणून रात्रीच्या लघव्या. आणि झोपेची गोळी किंवा दारू घशाला आणखी सैल करते. म्हणजे आईचं निरीक्षण बरोबर होतं. आणखी एक, हा फक्त जाड माणसांचा आजार नाही. मान आखूड आणि जाड असेल, जबडा लहान किंवा मागे असेल तर सडपातळ माणसालाही होतो. पाळी गेल्यानंतर बायकांमधेही वाढतो, फक्त बायका घोरतात हे कोणी बोलत नाही.

रात्रभराची टेस्ट झाली. डोक्याला, हनुवटीला तारा, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. अण्णा म्हणाले, "फवारणीचा पंप दिसायलोय मी." रिपोर्ट आला: तासाला ४७ वेळा श्वास अडतो किंवा अर्धवट होतो. पाचच्या आत असेल तर ठीक, पाच ते पंधरा सौम्य, तीसच्या वर तीव्र. प्राणवायू ७१ टक्क्यांपर्यंत खाली गेलेला. मी तो आकडा दोनदा वाचला. कोरोनाच्या काळात बोटाचा चिमटा नव्वदच्या खाली गेला की आपण अ‍ॅम्ब्युलन्स शोधत होतो, आठवतंय ना?

उपाय म्हणजे सीपॅप नावाचं मशीन. नाकावर मास्क लावायचा, ते मशीन हवेचा हलका दाब देत राहतं आणि त्या दाबानं घशाची वाट उघडी राहते. ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मधे हा उपाय जगापुढे मांडला. मशीनला चाळीस हजारांच्या आसपास गेले. सोपं नव्हतं, ताईनं निम्मे दिले. पहिले पंधरा दिवस अण्णांनी छळलं. "हत्तीची सोंड" म्हणून फेकून द्यायचे, मास्कचे वळ गालावर उठायचे. मास्क बदलून घेतला तेव्हा जमलं. दुसरी अडचण आमच्या गावची, लाईट. लाईट गेली की मशीन बंद. म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी घेतली. तिसरी अडचण पाण्याची. हवा ओलसर करायला मशीनमधे पाणी घालतात आणि आमच्या बोअरच्या पाण्यानं आठ दिवसांत पांढरा थर बसला, मग डिस्टिल्ड पाणी आणायला लागलो. हे मुद्दाम लिहितोय, कारण दवाखान्यात हे कोणी सांगत नाही आणि मशीन माळ्यावर जातं.

महिन्याभरात फरक दिसला. रात्रीचं उठणं एकावर आलं. बी.पी.ची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली. कीर्तनात शेवटपर्यंत जागे राहिले आणि घरी येऊन म्हणाले, "बुवा तेच तेच सांगतात की रे!"

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मशीन लागलं त्या पहिल्या शांत रात्री आई झोपलीच नाही. आवाज येत नाही म्हणून ती दर थोड्या वेळानं उठून नाकाशी बोट नेत होती. मला वाटलं होईल सवय. झाली नाही. सहा महिने गेले, अण्णा शांत झोपलेले आणि आई दोन वाजता टक्क जागी. वीस वर्षांची राखण अंगात भिनलेली. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांच्या वर झोप येत नसेल आणि दिवसा त्रास होत असेल तर तो निद्रानाश, आणि तो स्वतंत्र आजार म्हणून बघावा लागतो. आम्ही पुन्हा तेच केलं होतं, आजारी माणूस एकच आहे असं धरून चाललो होतो.

तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं म्हटल्यावर घरात कुजबुज झाली. "वेड लागलंय का तिला?" नाही लागलेलं. त्यांनी गोळी न देता नियम दिले. याला सीबीटी-आय म्हणतात आणि जुन्या निद्रानाशावर आधी हाच उपाय करावा असं आता डॉक्टर मानतात. रोज उठायची वेळ एकच, रात्र कशीही गेली तरी. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून बाहेर बसायचं, घड्याळाकडे बघायचं नाही. अंथरूण हे काळजी करायची जागा राहू नये, एवढाच त्याचा अर्थ. आणि आईसाठी एक खास नियम: नाकाशी बोट न्यायचं नाही, मशीनवरचा हिरवा दिवा दिसला की पुरे. दोन-अडीच महिने लागले. पूर्ण बरी झाली असं म्हणणार नाही, पण आता सलग पाच-सहा तास झोपते.

या सगळ्यात मला घरभर झोपेचे आजार दिसायला लागले. आत्याच्या छातीवर पहाटे "काहीतरी बसतं", हातपाय हलत नाहीत, ओरडता येत नाही. आमच्याकडे त्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्यासाठी तिनं किती उतारे केले तेही. स्वप्नाच्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल सोडतो, म्हणजे स्वप्नात पळालो तरी अंथरुणातच राहतो. कधी जाग आधी येते आणि ती पकड सुटायला क्षणभर उशीर होतो. बस्स. वहिनीचे पाय रात्री आतून ओढतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही. तिचं लोह फारच कमी निघालं, उपचारानं पाय थांबले. भाचा सात वर्षांचा, तोंड उघडं टाकून घोरतो आणि दिवसा चिडचिड करतो. नाकामागच्या गाठी वाढलेल्या होत्या. आणि एक चुलते झोपेत लाथा मारतात, ओरडतात, स्वप्नात भांडतात. म्हातारपणी असं सुरू झालं तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं, कारण काही जणांत ते पुढच्या कंपवाताची आधीची खूण असते. त्यांना अजून मनवतोय.

गावी गेलो की मी टेकडी चढून त्वरिता देवीचं दर्शन घेतोच. नवस बोलू नका असं मी कोणाला सांगणार नाही. फक्त देवळातून खाली उतरल्यावर दवाखान्याचीही एक चक्कर मारा. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगा. श्वास अडत असेल तर छातीरोग किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर, झोप येतच नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ. बीडला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथून सुरुवात करता येते. झोप कर्जाच्या, नापिकीच्या विचारांनी उडाली असेल, मनात भलतंसलतं येत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना घोरण्याबद्दल आधी सांगा.

आणि जाताना त्यांना एकट्याला पाठवू नका. शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरोबर न्या. आणि आत न्या, बाहेर बाकावर पिशवी सांभाळायला बसवू नका.

मागच्या आठवड्यात तलवाड्याला होतो. सकाळी सात वाजले तरी चहाचा आवाज नाही. बघतो तर अण्णा चुलीपाशी, आधण ठेवलेलं, साखरेचा डबा शोधतायत. मला बघून तोंडावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हळू. झोपायलीय ती."